सिनेमातली जुनी पॉप गाणी : कोणती मुरली, कोणती विटली?

सुरंगी

पॅट्रिक स्वेझीचे दोन सिनेमे घ्या. 'डर्टी डान्सिंग' १९८७चा, 'घोस्ट' १९९०चा. ज्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत त्यांनाही त्यातलं एकेक गाणं ठाऊक असतं. पहिल्यात शेवटच्या नाचाचं 'टाइम ऑफ माय लाइफ', दुसऱ्यात मातीकामाच्या चाकाशी बसून जे काही चालतं त्यामागचं 'अनचेन्ड मेलडी'. पहिलं बिल मेडली आणि जेनिफर वॉर्न्सचं. दुसरं रायचस ब्रदर्सचं, आणि रायचस ब्रदर्स म्हणजे हाच बिल मेडली अधिक बॉबी हॅटफील्ड (या गाण्यात आवाज मात्र एकट्या हॅटफील्डचा). नट तोच, गाणारी मंडळी जवळपास तीच, सिनेमांमध्ये अंतर तीन वर्षांचं.

पण 'अनचेन्ड मेलडी'चं ते ध्वनिमुद्रण १९६५चं आहे आणि 'टाइम ऑफ माय लाइफ' १९८७चं. २२ वर्षांनी धाकटं असलेलं गाणं आज जास्त जुनं वाटतं. निदान मला तरी.

'डर्टी डान्सिंग'ची गोष्ट घडते १९६३च्या उन्हाळ्यात. सुरुवातीलाच 'बी माय बेबी' लागतं, तेही खरोखर १९६३चं. पुढेही त्या काळातली गाणी अधूनमधून येत राहतात आणि आपण तिथे रुळतो. मग शेवटी तबकडी लावली जाते आणि तिच्यातून १९६३ साली कुठल्याच स्टुडिओत नसलेली वाद्यं वाजायला लागतात! १९८७च्या प्रेक्षकाला ते खटकलं नसणार, कारण तोच आवाज त्याच्या रेडिओवर दिवसभर चालू होता. आज त्या नाचात दोन सालं वेगवेगळी दिसतात, कपड्यांचं एक आणि ड्रमचं दुसरं.

माझं म्हणणं असं की गाणं म्हातारं होत नाही. त्या वर्षी स्टुडिओत जे सगळ्यात नवीन होतं ते म्हातारं होतं. चाल, गळा, पियानो, व्हायोलिनं यांना जे वय चढायचं ते आधीच चढून गेलेलं असतं. म्हणून सिनेमासाठी ताजं बनवून घेतलेलं गाणं लवकर विटतं आणि आधीच जुनं असलेलं, कुठूनतरी उचलून आणलेलं गाणं टिकतं.

पटत असेल तर उदाहरणं द्या. पटत नसेल तर जास्तच द्या.

आळशी मांजर

वाचनखूण साठवली. सविस्तर रात्री लिहिते. तोपर्यंत एवढंच की 'टॉप गन'मध्येही रायचस ब्रदर्स आहेत, विसरू नका.

तिरकस

मांडणी झकास, पाया भुसभुशीत. १९६५ साली निघालेली शेकडो भिकार गाणी 'घोस्ट'वाल्यांनी घेतली नाहीत, म्हणून तुला १९६५ साल गोड लागतंय. २५ वर्षांच्या चाळणीतून उरलेलं एक गाणं तू १९८७च्या न चाळलेल्या गाण्याशेजारी ठेवतेयस. कोण जिंकणार हे आधीच ठरलंय की.

दुसरं असं, की 'अनचेन्ड मेलडी'त त्या सालाची फॅशन नाही हे कोणी सांगितलं? तो विहिरीतून आल्यासारखा घुमारा, एकावर एक चढत जाणारी तंतुवाद्यं, हा १९६५चा अगदी चालू माल होता. मुळात ते एका सिंगलच्या, म्हणजे एकाच मुख्य गाण्यासाठी काढलेल्या छोट्या तबकडीच्या, मागच्या बाजूला टाकलेलं गाणं. १९७५ साली ते कोणी लावलं असतं तर तरुण पोरांनी नाकं मुरडली असती. म्हणजे विटण्याचं एक वय असतं आणि ते वय उलटून जातं. १९८७चा ड्रम त्या वयातून अजून पुरता बाहेर आलेला नाही, इतकंच.

सुरंगी

@तिरकस, चाळणीचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. 'डर्टी डान्सिंग'चं गाणंही चाळणीतून गेलेलंच आहे. त्याला ऑस्कर मिळालं, आजही लग्नांमध्ये वाजतं. ते वाईट गाणं आहे असं मी म्हणतच नाहीये. चांगलं गाणं असूनही त्याच्या अंगावर साल छापलेलं दिसतं, ते का, हा प्रश्न आहे.

कर्णपिशाच

ड्रमचा विषय निघाला म्हणून खास लॉगिन केलंय.

८०च्या दशकातला तो 'धप्प' आवाज ठरवून शोधलेला नाही. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत गायक पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. ड्रमवर फिल कॉलिन्स, कन्सोलवर (म्हणजे आवाज नियंत्रित करायच्या टेबलावर) ह्यू पॅडगॅम. वादकांच्या खोलीतलं बोलणं कन्सोलवर बसलेल्यांना ऐकू यावं म्हणून तिथे एक माइक टांगलेला असतो. त्याचा आवाज भरपूर दाबून घेतलेला असतो, म्हणजे कोणी कुजबुजलं तरी कळावं आणि कोणी जोरात वाजवलं तरी कान फुटू नयेत. तो माइक चालू असताना कॉलिन्सने ड्रम वाजवले आणि कन्सोलवर भलताच अगडबंब आवाज आला. मग त्यांनी त्याच माइकची जोडणी करून घेतली आणि पुढे गेट लावलं. गेट म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली उतरला की दार बंद. खोलीचा घुमारा मोठ्ठा उसळतो आणि विरायच्या आत कापला जातो. १९८०च्या त्या अल्बमनंतर कॉलिन्सचं 'इन द एअर टुनाइट' १९८१मध्ये आलं, ते १९८३च्या 'रिस्की बिझनेस'मध्ये वाजलं, आणि त्यानंतर काही वर्षं कोणाला साधा ड्रम नकोच होता.

तो आवाज इतका ठळकपणे 'त्या काळचा' का वाटतो, याचं माझ्या मते कारण असं: खऱ्या खोलीत घुमारा हळूहळू विरतो. देऊळ असो, जिना असो, गॅरेज असो. कापलेला घुमारा कुठल्याच जागेत मिळत नाही. त्यामुळे ऐकताना कानापुढे खोली उभी राहत नाही, यंत्र उभं राहतं. आणि यंत्राला मॉडेल असतं, मॉडेलला साल असतं. तिरकसने म्हटलेला १९६५चा घुमारा कितीही माजलेला असला तरी ती एक जागा वाटते. हा फरक वयाचा नाही, जातीचा आहे.

दुसरा आरोपी यामाहा डीएक्स ७ हा सिंथेसायझर. १९८३ साली आला. त्यात नवे आवाज तयार करणं इतकं किचकट होतं की बहुतेक वादकांनी आत भरून दिलेल्या ३२ आवाजांवरच भागवलं. तो काचेरी इलेक्ट्रिक पियानो आठवा, प्रत्येक प्रेमगीतात असायचा. एकाच पेटीतला तोच आवाज शेकडो गाण्यांत गेला, मग एक विटलं की सगळीच विटली.

'टाइम ऑफ माय लाइफ' हेडफोनवर लावून बघा. सुरुवातीला मेडलीचा तो खर्जातला आवाज जवळजवळ एकटाच येतो. तेवढा तुकडा कुठल्याही सालचा असू शकतो. ताल पडला की साल कळतं. (अवांतर: तो नाच चित्रित झाला तेव्हा अंतिम गाणं हाताशी नव्हतं. नमुना म्हणून केलेल्या ध्वनिमुद्रणावर तो बसवला होता, आणि त्यात आवाजही दुसऱ्यांचे.)

नवखी

कर्णपिशाच, तुम्ही आहातच तर विचारते. 'घोस्ट'मधलं 'अनचेन्ड मेलडी' नेमकं कुठलं? माझ्याकडच्या एका संग्रहात रायचस ब्रदर्सचंच म्हणून दिलंय, पण सिनेमातल्यासारखं वाटत नाही. आवाज तोच आहे आणि तरी नाही.

नानू

मंडळी, सगळे ड्रमच्या मागे लागलात. गाणं सिनेमात लावलंय कसं, याकडे कोणी बघेल का?

'अमेरिकन ग्राफिटी' बघा, १९७३चा. गोष्ट १९६२ सालच्या एका रात्रीची, आणि त्या रात्रभर गाड्यांच्या रेडिओवर त्या वेळची चाळीसेक गाणी वाजतात. दिग्दर्शक जॉर्ज लुकास, ध्वनीचं काम वॉल्टर मर्च. मधल्या सगळ्या निवेदनासकट एखादा खराखुरा रेडिओ कार्यक्रम असावा तशी त्यांनी अख्खी फीत तयार केली. मग ती फीत अंगणात नेऊन स्पीकरवर लावली आणि थोड्या अंतरावर माइक धरून पुन्हा मुद्रित केली. एकाने स्पीकर हळूहळू इकडे-तिकडे फिरवायचा, दुसऱ्याने माइक. त्यामुळे आवाज कधी समोरून येतो, कधी भिंतीवर आपटून, कधी निसटता. मिक्सिंगच्या वेळी, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, स्वच्छ फीत आणि ही अंगणातली फीत यांचं प्रमाण दृश्यागणिक कमी-जास्त केलं. गाडीत बसलेलो असलो की गाणं जवळ, रस्त्याच्या पलीकडे उभे असलो की तेच गाणं दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीतून येतंय.

म्हणून ती गाणी सिनेमावर चिकटवलेली वाटत नाहीत. त्या गावात ती आधीपासून आहेत आणि कॅमेरा तिथे नंतर पोचलाय. आता याच्यासमोर ८०च्या दशकातला कुठलाही हाणामारीचा किंवा प्रेमात पडण्याचा तुकडा ठेवा. संवाद बंद, पावलांचे आवाज बंद, आणि कॅसेटवर आहे तसंच्या तसं चकचकीत गाणं पूर्ण आवाजात. गाणं तिथे गोष्टीतलं नसतंच, अल्बमची जाहिरात असते. जाहिरातीइतकं लवकर काहीच विटत नाही.

सुरंगी

नानूकाका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे एकच गाणं एका सिनेमात विटेल आणि दुसऱ्यात नाही, असंही होऊ शकतं.

आळशी मांजर

आले. 'टॉप गन' (१९८६) आणि त्याचा पुढचा भाग 'मॅव्हरिक' (२०२२) एकामागोमाग बघितले तर या धाग्यातले निम्मे मुद्दे तिथेच सापडतात.

पहिल्या भागातली चार गाणी घ्या. 'डेंजर झोन' आणि 'टेक माय ब्रेथ अवे' ही खास सिनेमासाठी बनवलेली, दोन्हींत संगीतकार जॉर्जिओ मोरोडरचा हात. दुसऱ्याला ऑस्कर. उरलेली दोन आधीची: 'यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिंग' (१९६४, पुन्हा रायचस ब्रदर्स!) आणि 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर' (१९५७).

३६ वर्षांनी दुसरा भाग काढताना त्यांनी काय केलं? सुरुवातीलाच विमानवाहू जहाजाच्या डेकवर 'डेंजर झोन', तेही केनी लॉगिन्सचं १९८६चंच मूळ ध्वनिमुद्रण. नव्याने गाऊन घेतलेलं नाही, ड्रम बदललेले नाहीत. सुरंगीच्या हिशेबाने हे सर्वांत विटलेलं असायला हवं. पण चित्रपटगृहात ते लागलं की लोक सावरून बसायचे. तिथे ते जुनेपणासाठीच लावलंय, शिक्का म्हणून. ऑस्कर मिळालेलं 'टेक माय ब्रेथ अवे' मात्र अख्ख्या सिनेमात नाही. प्रेमप्रसंगांना आणि शेवटाला लेडी गागाचं नवीन गाणं.

माझा अंदाज असा की धावपळीच्या दृश्यात जुना सिंथेसायझर चालून जातो, मजाही आणतो. पण प्रेमाच्या दृश्यात प्रेक्षकाला हसू आलं की दृश्य संपलं. तिथे कोणी धोका घेत नाही.

आणि 'ग्रेट बॉल्स ऑफ फायर'? पहिल्या भागात नायकाचा मित्र गूस पियानोवर बसून गातो, दुसऱ्यात त्याचा मुलगा. दोन्हीकडे तितकंच ताजं, कारण तिथे स्टुडिओतलं मुद्रणच नाही. एक पियानो, चार बेसूर गळे. 'लव्हिन फीलिंग'ही बारमध्ये पोरंच गातात. पात्राने स्वतः गायलेल्या गाण्याला साल चिकटत नाही. (हे माझं वैयक्तिक मत.)

तिरकस

"पात्राने स्वतः गायलेल्या गाण्याला साल चिकटत नाही" हे वाक्य ढापणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

टेपरिवाइंड

विटण्याला वय असतं आणि ते उलटतं, या तिरकसच्या मुद्द्याचा पुरावा देतो: 'सॅटर्डे नाइट फीव्हर', डिसेंबर १९७७.

त्यातल्या 'स्टेइन अलाइव्ह'चा ताल कोणी वाजवला? म्हटलं तर कोणीच नाही. ते गाणारा बी जीज हा बँड तेव्हा फ्रान्समधल्या एका जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत होता. ड्रमरला घरच्या आजारपणामुळे निघून जावं लागलं. मग 'नाइट फीव्हर' हे गाणं आधी मुद्रित झालं होतं, त्यातली ड्रमची एक-दोन आवर्तनं कापून फितीचं गोल कडं केलं आणि ते यंत्रावर फिरवत ठेवलं. संगणक वगैरे काही नाही, नुसती टेप गरगर फिरतेय. अल्बमवर ड्रमर म्हणून गमतीने एक बनावट नाव टाकलं, बर्नार्ड ल्यूप. म्हणून तो ताल इतका न डगमगणारा आहे.

आता त्याचं पुढचं आयुष्य बघा. १९७७-७८मध्ये डोक्यावर घेतलं. अल्बमला ग्रॅमी. १२ जुलै १९७९ला शिकागोत बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोविरोधकांनी मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवला, लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द झाला. १९८०च्या 'एअरप्लेन!'मध्ये याच गाण्यावर 'फीव्हर'च्या नायकाच्या, जॉन ट्रॅव्होल्टाच्या नाचाची टर उडवली. अडीच-तीन वर्षांत देव्हाऱ्यातून थेट विनोदात! आणि आज? प्रथमोपचाराच्या वर्गात छातीवर दाब देण्याचा वेग शिकवायला हेच गाणं सांगतात. दाब मिनिटाला १०० ते १२० हवेत आणि गाण्याची गती १०३च्या आसपास आहे. त्या वर्गात बसलेल्या पोरांना डिस्को नावाचं काही भांडण होतं हेसुद्धा ठाऊक नसतं.

त्यामुळे १९८५ साली हा धागा निघाला असता तर सुरंगीने 'स्टेइन अलाइव्ह' विटलेल्यांत पहिलं टाकलं असतं. हलके घ्या.

दुसरी रीळ

सुरंगी, 'डर्टी डान्सिंग'ची बाजू घेते. नायिकेचं निवेदन आठवतंय का? "१९६३चा तो उन्हाळा होता" अशा अर्थाने ती मागे वळून सांगतेय. म्हणजे सांगणारी बाई नंतरच्या काळात उभी आहे. तिला आठवणारा तो शेवटचा नाच तिच्या आजच्या गाण्यावर वाजला तर बिघडलं कुठे?

आणि काळाचा घोळ उघडपणे घातला तर तो मुळीच जुना होत नाही. 'अ नाइट्स टेल' (२००१) १४व्या शतकात घडतो आणि सुरुवातीलाच भाल्यांची झुंज बघायला जमलेली गर्दी क्वीनच्या 'वी विल रॉक यू'वर टाळ्या-ठोके देतेय. १९७७चं गाणं. सिनेमा पहिल्याच मिनिटाला सांगून टाकतो की आम्ही असे आहोत, जमलं तर बसा. सोफिया कोपोलाच्या 'मारी आंत्वानेत'मध्येही (२००६) तेच, व्हर्सायच्या राजवाड्यात न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचं गाणं. खटकतं ते चोरून केलेलं, बिनधास्त केलेलं नाही.

सुरंगी

निवेदनाचा मुद्दा भारी आहे, पण ती तबकडी लावतात ना समोर! आठवणीतलं गाणं असतं तर वरून वाजवायचं. खोलीतल्या तबकडीतून ते निघालं की ते १९६३मधलंच झालं. याबाबतीत मी हटणार नाही.

बिनसुरी

इंग्रजी सिनेमांतच अडकलात सगळे. हिंदी सिनेमाला सुरंगीचा नियम लागूच पडत नाही, कारण आपल्याकडे गाणं पडद्यावरचं माणूस गातं. 'कुर्बानी'तलं (१९८०) 'आप जैसा कोई' घ्या. बिद्दूचं संगीत, लंडनमध्ये मुद्रण, आवाज नाझिया हसनचा, तेव्हा ती शाळकरी वयाची. आवाजात त्या वर्षाची सगळी फॅशन ठासून भरलीय. पण समोर झीनत अमान, ते कपडे, ते दिवे, तेही सगळं त्याच वर्षाचं. कानाला एक साल आणि डोळ्याला दुसरं, असं होतच नाही. दोन्ही हातात हात घालून म्हातारे होतात, मग खटकणार काय?

याहून मजा येते ती गाणं आपल्या सिनेमातून निसटतं तेव्हा. 'घोस्ट वर्ल्ड' (२००१) हा अमेरिकन सिनेमा सुरू होतो तोच 'गुमनाम'मधल्या (१९६५) 'जान पहचान हो'ने. नायिका टीव्हीवर ते लावून खोलीत एकटीच बेभान नाचतेय. शंकर-जयकिशन, रफी, मुखवटे घातलेले नाचणारे! ज्या प्रेक्षकांनी 'गुमनाम'चं नावही ऐकलं नव्हतं त्यांना ते जुनं की नवं हे ठरवायला काही आधारच नव्हता. स्पाइक लीने 'इनसाइड मॅन'ची (२००६) सुरुवात 'छैयां छैयां'ने केली तेव्हाही तेच झालं. आपल्याला १९९८ आणि आगगाडीचं छत आठवतं, त्यांना न्यूयॉर्कमधला दरोडा.

म्हणजे वय गाण्यात असतं तेवढंच ऐकणाऱ्याकडेही असतं.

तिरकस

बिनसुरी +१. आता विटण्याचा आणखी एक प्रकार, ज्यात वर्षांचा संबंधच नाही: वापरून वापरून चोथा होणं. व्हिएतनाम आणि हेलिकॉप्टर दिसलं की 'फॉर्च्युनेट सन'. 'फॉरेस्ट गम्प'ने (१९९४) वाजवलं तोवर ठीक होतं, आता पुढचं दृश्य आधीच कळतं. 'हालेलुया'ची तीच गत. लेनर्ड कोहेनचं १९८४चं गाणं, 'श्रेक'मध्ये (२००१) जॉन केलच्या आवाजात आलं आणि मग कोणी मेलं, कोणी रुसलं, कोणी खिडकीतून पाऊस बघत बसलं की हेच. शेवटी खुद्द कोहेनच म्हणाला की गाणं चांगलं आहे, पण ते फार जास्त लोक गातात.

उलटही होतं बरं का. 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' १९६७चं. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर, अमेरिकेत कोणी विचारलं नाही. २० वर्षांनी 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम'मध्ये बॉम्बफेकीच्या दृश्यांवर ते संथपणे वाजवलं आणि मग अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आलं. सिनेमातली गोष्ट १९६५ची, म्हणजे ते गाणं तेव्हा जन्मलंच नव्हतं. कोणाला फरक पडला?

आळशी मांजर

आणि गायकामुळे विटणं? 'स्पेस जॅम'मधलं (१९९६) 'आय बिलीव्ह आय कॅन फ्लाय'. चाल टिकलीय, मुद्रण टिकलंय. पण आर. केलीला २०२१मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने लैंगिक शोषणाशी संबंधित गुन्ह्यांत दोषी ठरवलं, पुढच्या वर्षी ३० वर्षांची शिक्षा झाली. लहान मुलांच्या सिनेमात ते आता ऐकवत नाही. यावर कुठलं मिक्सिंग चालणार?

कर्णपिशाच

@नवखी, उशीर झाला. सिनेमात १९६५चंच मूळ आहे. 'घोस्ट' चालला तशी लोकांनी गाण्याची मागणी केली, पण मूळ मुद्रणाचे हक्क दुसऱ्यांकडे होते. मग रायचस ब्रदर्सनी १९९०मध्ये ते पुन्हा गाऊन बाजारात आणलं. दोन्ही आवृत्त्या एकाच वेळी अमेरिकेतल्या पहिल्या विसात होत्या! हॅटफील्ड मूळ गाताना २५च्या आसपास होता, दुसऱ्यांदा ५०चा. तुमच्या संग्रहात बहुधा दुसरी आहे. ओळखायचं कसं? मूळ आवृत्तीत शेवटाकडे तो वरच्या सुराला जातो तेव्हा वाद्यं आणि घुमारा त्याला जवळपास गिळतात. १९९०च्या आवृत्तीत प्रत्येक वाद्य सुटं आणि स्वच्छ ऐकू येतं. तीच चाल, तोच गळा, वाद्यवृंदही तसाच. तरी मला नवी आवृत्तीच जुनाट वाटते, एवढं सुरंगीच्या बाजूने नोंदवतो.

बारीक अक्षर

हक्कांचा विषय कर्णपिशाच यांनी काढलाच आहे तर पुढे नेतो. सिनेमात गाणं घ्यायला दोन परवानग्या लागतात. एक रचनेची, म्हणजे चाल आणि शब्द, ती प्रकाशकाकडून. दुसरी त्या विशिष्ट मुद्रणाची, ती रेकॉर्ड कंपनीकडून. दुसरी परवडली नाही की लोक तेच गाणं दुसऱ्याकडून गाऊन घेतात. वर जे १९९०मध्ये झालं ते याच फटीतून.

घरी टेप आणून सिनेमा बघण्याचा जमाना यायच्या आधीच्या करारांत त्याचा उल्लेखच नसायचा, कारण तशी वस्तूच नव्हती. आणि नंतरही सगळ्यांनी तो हक्क विकत घेतला असं नाही. 'हेवी मेटल' हा अॅनिमेशनपट १९८१चा, रॉक गाण्यांनी भरलेला. गाण्यांच्या हक्कांत अडकून त्याची अधिकृत टेप १९९६मध्ये आली. 'द वंडर इयर्स' ही मालिका १९९३ला संपली आणि तिचा पूर्ण डीव्हीडी संच २०१४मध्ये मिळाला, कारण एकेका भागात ६०-७०च्या दशकातली गाणी खच्चून भरलेली. 'मॅरीड... विथ चिल्ड्रन' या मालिकेच्या डीव्हीडीवर तर तिसऱ्या पर्वापासून फ्रँक सिनात्राचं शीर्षकगीतच काढून दुसरंच काहीतरी लावलंय.

तेव्हा गाणं विटलं की मुरलं हे ठरवायच्या आधी आपण ऐकतोय ते मूळचंच आहे ना, एवढं बघा.

नवखी

कर्णपिशाच, धन्यवाद, लावून बघितलं. माझी १९९०चीच निघाली. बारीक अक्षर, मग जुन्या डीव्हीडी टाकून देऊ नयेत का? ऑनलाइन सगळं मिळतंय म्हणून घरात काढायला बसलेत.

बारीक अक्षर

सिनेमांच्या बाबतीत फारशी भीती नाही, तिथे गाणी सहसा कायमची घेतलेली असतात. मालिकांच्या टाकू नका. त्यातही टीव्हीवरून मुद्रित करून ठेवलेल्या टेपा असतील तर त्या आधी बाजूला काढा, कारण प्रक्षेपणात वाजलेली गाणी आहेत तशी फक्त त्यांच्यावरच असण्याची शक्यता जास्त.